आपण किती योजनं उडता?

माणसाला दोन प्रश्नांची खरी उत्तरं देणं फार जड जातं. एक, पगार किती? आणि दुसरा, झेपेल का? पहिल्याला तो कमी सांगतो आणि दुसऱ्याला जास्त. पहिल्याचं खरं उत्तर काढून घ्यायला सरकारने आयकर खातं ठेवलं आहे. दुसऱ्यासाठी कुठलंच खातं नाही. तिथे माणूस सांगेल ते खरं धरायचं, आणि कड्याच्या मध्यावर गेल्यावर ताळा करून बघायचा.

हे मी अधिकारवाणीने बोलतो आहे, कारण आमच्या गावातल्या एका गिरिभ्रमण मंडळाचे अर्ज तपासण्याचं काम गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे. डोंगरात मी जातो, पण 'गिर्यारोहक' हा शब्द माझ्या नावापुढे कुणी लावलेला नाही आणि लावला तर मीच खोडून टाकीन. काम मला मिळालं ते वेगळ्याच कारणाने. "तुम्ही बँकेत आहात. माणसं ओळखायची तुम्हाला सवय," असं मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले. बँकेत मी माणसं ओळखत नाही, सह्या ओळखतो, हे मी सांगून पाहिलं. पण ज्याला सही ओळखता येते त्याला माणूस ओळखायला कितीसा वेळ लागतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. फुकट काम करणारा माणूस मात्र ते बरोबर ओळखतात.

पूर्वी हे अर्ज कागदावर यायचे. हल्ली मोबाइलवर येतात, एवढाच फरक. अर्जात एक रकाना आहे: 'आपली पातळी'. त्याखाली तीन पर्याय: नवशिका, मध्यम, अनुभवी. या तीन वर्षांत स्वतःहून 'नवशिका' वर खूण करणारे मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. आपला मराठी माणूस 'मध्यम' वर खूण करतो. त्यात त्याचा दोष नाही. तो वर्गाने मध्यम, गुणांनी मध्यम, उंचीने मध्यम, आणि हॉटेलात डोसासुद्धा मध्यम तिखट चटणीचा मागतो. डोंगराच्या बाबतीतच त्याने टोकाची भूमिका का घ्यावी?

उरलेले 'अनुभवी'. हे बहुतेक पंचविशीच्या आतले असतात. वयाबरोबर अनुभव वाढतो हा समज चुकीचा आहे. वयाबरोबर तो कमी होत जातो, असं अर्जांवरून दिसतं. वीस वर्षांचा मुलगा बिनधास्त 'अनुभवी' लिहितो. चाळिशीचा 'मध्यम' वर येतो. आणि खरोखर आयुष्य डोंगरात काढलेला साठीचा माणूस रकाना कोरा सोडून खाली लिहितो, 'बघू, जमेल तसं.'

'अनुभवाचा तपशील' या रकान्यात तर साहित्यच असतं. 'सिंहगड दोन वेळा (एकदा गाडीने).' 'आमचे पूर्वज महाराजांच्या फौजेत होते.' 'लहानपणी आंब्याच्या झाडावर चढत असे.' एका बाईंनी लिहिलं होतं, 'पाचव्या मजल्यावर राहते. लिफ्ट चार महिने बंद आहे.' हा मला सर्वांत भरवशाचा अनुभव वाटला. मी त्यांचं नाव ताबडतोब मंजूर केलं.

गंमत सोडा, पण तपशील लिहिला म्हणजे कळतं असंही नाही. समजा एखाद्याने लिहिलं, 'हरिश्चंद्रगड केला आहे.' वाचणाऱ्याला वाटतं, वा! पण हरिश्चंद्रगडाला वाटा अनेक. पाचनईच्या वाटेने तो बायकामुलांसकट, डबे घेऊन, गप्पा मारत चढता येतो. आणि नळीच्या वाटेने गेलं तर दगडांनी भरलेल्या घळीतून हातापायांवर चढत, काही ठिकाणी दोराचा आधार घेत, कोकणकड्याच्या अंगाने वर यावं लागतं. गड एकच, देऊळ एकच, वर गेल्यावर काढलेला फोटोही एकच. म्हणजे 'बी. कॉम. झालो' म्हणण्यासारखं झालं. कसे झालो हे कुठे कुणी विचारतं? (माझं विचारू नका. एकदाच झालो आणि सरळ वाटेने झालो.)

जगाने याबाबतीत बराच विचार केलेला आहे. फक्त तो माणसांचा नाही, नद्यांचा आणि दगडांचा आहे. होडीने वाहत्या पाण्यातून जायचं, तर नदीला एक ते सहा अशा श्रेणी दिलेल्या असतात. एक म्हणजे निवांत पाणी, सहा म्हणजे जवळजवळ अशक्य. आमच्याकडे कोलाडला कुंडलिका नदीवर लोक राफ्टिंगला जातात. तिथे वीजप्रकल्पाचं पाणी सोडलं म्हणजे नदी चालते. नदीसुद्धा नोकरी करते म्हणा ना. कड्यांचंही तसंच. अमेरिकेत योसेमिटी नावाची पद्धत आहे. तीत चालण्यापासून दोराने चढण्यापर्यंत पाच वर्ग केले. पाचव्याचे दशांश पाडले, ते 5.9 पर्यंत. त्यापुढे अवघड काही असणारच नाही, अशी त्या वेळी कल्पना. पुढे लोक त्याहून अवघड चढायला लागले. आता काय करायचं? तर 5.9 च्या पुढे त्यांनी 5.10 लिहिलं! वाणिज्य शाखेच्या माणसाला हे वाचून घेरी येते. आमच्या शाखेत 5.10 म्हणजे 5.90 पेक्षा ऐंशी पैसे कमी. पण डोंगरात तो जास्त अवघड. असो.

त्याआधी 1892 साली स्कॉटलंडमध्ये नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने एक साधा हिशेब घालून दिला. सपाटीवर तीन मैलांना एक तास, आणि वर दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास धरा. हा नियम अजून वापरतात. मला त्यातली एक गोष्ट फार सूचक वाटते. नेस्मिथसाहेबाने चढण्याचा हिशेब केला, उतरण्याचा वेगळा केलाच नाही. तो पुढे दुसऱ्यांना घालावा लागला. माणसाची ही जुनी खोड आहे. कर्ज काढताना बघा.

तर नदीची श्रेणी ठरली, कड्याची ठरली, चढणीचा वेळ ठरला. राहिला तो माणूस. त्याची श्रेणी त्यालाच विचारायची, असा जगभर रिवाज आहे. आपल्या राज्य सरकारने 2021 साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. असे कार्यक्रम करणाऱ्या संस्थांनी नोंदणी करावी वगैरे त्यात आहे, आणि ते योग्यच आहे. पण येणाऱ्या माणसाचं काय? तो फोनवर म्हणतो, "आपल्याला काही प्रॉब्लेम नाही हो!" की झालं.

माणसाने स्वतःविषयी दिलेला हा दाखला कितपत धरायचा, यावर 1999 साली अमेरिकेत क्रूगर आणि डनिंग या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक निबंध लिहिला. तो निबंध बँकवाल्यांनी तरी वाचायला हवा, कारण त्याची सुरुवातच बँकेवरच्या दरोड्याने होते. 1995 साली पिट्सबर्ग शहरात एका गृहस्थाने दिवसाढवळ्या, उघड्या तोंडाने दोन बँका लुटल्या. पुढे टीव्हीवर त्याचं चित्र दाखवलं आणि तो पकडला गेला. त्याला भयंकर आश्चर्य वाटलं. कारण त्याने तोंडाला लिंबाचा रस चोळला होता. लिंबाच्या रसाने कागदावर अदृश्य अक्षरं लिहिता येतात. तेव्हा तोंडाला लावला तर कॅमेऱ्यात तोंड दिसणार नाही, असा त्याचा पक्का समज होता. दरोडा घालण्यात त्याची पातळी विचारली असती, तर त्याने कुठे खूण केली असती हे सांगायला नको.

त्या दोघांनी मग विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेतल्या. तर्क, व्याकरण आणि (माझ्या पोटात इथे गोळा आला) विनोद. कुठला विनोद चांगला, कुठला पडेल, हे ओळखायचं. जे सर्वांत खालच्या पाव भागात आले, त्यांचा खरा क्रमांक शंभरांत सरासरी बाराव्या पायरीवर होता, पण त्यांना वाटत होतं आपण बासष्टाव्या पायरीवर आहोत. म्हणजे ज्याला येत नाही, त्याला येत नाही हेही कळत नाही, कारण ते कळायला तेच यावं लागतं. आणि ज्यांना उत्तम येत होतं ते स्वतःला थोडं खालीच समजत होते. आपल्याला येतं तसं सगळ्यांनाच येत असणार, असं त्यांना वाटे. समर्थांनी दासबोधात मूर्खलक्षणांचा एक समास लिहून ठेवला आहे. त्यात आपली आपण स्तुती करणारा आहेच. अमेरिकेत ते सिद्ध करायला 1999 साल उजाडलं, एवढंच. विनोदाच्या परीक्षेबद्दल मी या ठिकाणी अधिक बोलू इच्छित नाही.

उत्तम येणाऱ्यांबद्दल म्हटलं ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. राजगडावर एक मावशी ताक विकतात. गावातून ताकाचा हंडा डोक्यावर घेऊन गड चढतात, संध्याकाळी रिकामा हंडा घेऊन उतरतात. पायात साधी चप्पल. आमची फौज टेकत टेकत वर पोचली, तेव्हा त्यांचा अर्धा हंडा विकून झाला होता. मी सहज म्हटलं, "मावशी, किती वर्षं चढताय हो गड?"

त्या म्हणाल्या, "मी कुठं चढते दादा? मी ताक घेऊन येते."

आता या बाईंना आमच्या अर्जावर कुठे खूण करायला सांगू? त्यांनी अनुभवाच्या रकान्यात 'नाही' लिहिलं असतं आणि नियमाप्रमाणे मी त्यांना पायथ्याशी ठेवलं असतं. हिरकणीची गोष्ट आपण सगळे ऐकत आलो. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी ती रात्री कडा उतरून गेली, असं सांगतात. तिनेही आदल्या दिवशी 'कडा उतरण्याचा पूर्वानुभव' या रकान्यात रेघच मारली असती.

या साऱ्या प्रकारावर माझ्या मते एकच नमुनेदार सभा होऊन गेली, आणि ती रामायणात आहे. किष्किंधाकांडाच्या शेवटी वानर समुद्राकाठी येऊन बसतात. पलीकडे लंका, मध्ये शंभर योजनं पाणी. अंगद विचारतो, कोण किती उडी मारेल? साहसी खेळातल्या सहभागींची पातळी ठरवण्याचा हा आपल्या वाङ्मयातला पहिलाच प्रसंग असावा. आणि काय सुंदर उत्तरं येतात! गज म्हणतो, मी दहा योजनं. गवाक्ष म्हणतो, मी वीस. असं दहादहाने चढत सुषेण ऐंशीवर येतो. कुणी एक योजन वाढवून सांगत नाही. समोर समुद्र दिसत असला की माणूस काय, वानरसुद्धा खरं बोलतो. अर्ज नेहमी घरी बसून भरतात, ही आमची मुख्य अडचण आहे.

मग जांबवान उठतो. म्हणतो, तरुणपणी मी वामनाच्या विराट रूपाला प्रदक्षिणा घातली होती. आता वय झालं, नव्वद योजनांवर जमायचं नाही. आमच्या मंडळात असे तीन जांबवान आहेत. पण ते प्रदक्षिणेपाशीच थांबतात, नव्वदचा आकडा सांगत नाहीत. आणि शेवटी अंगद म्हणतो, शंभर योजनं मी जाईन. परत येता येईल की नाही, याची खात्री नाही.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. कर्जखात्यात काही वर्षं काढल्यामुळे असेल, पण माणसाच्या क्षमतेविषयी याच्याहून नेमकं वाक्य मला कुठे भेटलेलं नाही. जायला सगळ्यांनाच येतं. कर्ज घ्यायला कुठे कौशल्य लागतं? सारा प्रश्न परतफेडीचा. आणि हा युवराज भर सभेत, सगळ्या सैन्यादेखत सांगतो की माझ्या परतफेडीचं सांगवत नाही. हनुमान बाजूला गप्प बसून होता. त्याला आपली शक्ती आठवत नव्हती. ती जांबवानाला सांगावी लागली. दोघांनाही आमच्या अर्जात जागा नाही. एकाने शंका लिहिली म्हणून तो नापास, आणि दुसऱ्याने काहीच लिहिलं नाही म्हणून.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तो मला गेल्या हिवाळ्यात चांगलाच बोचला.

मंडळाने हरिहर किल्ल्याचा कार्यक्रम ठरवला. हरिहर नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकच्या बाजूला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: कातळात खोदलेल्या पायऱ्यांचा एक जिनाच उभा कड्याला टेकवून ठेवला आहे. पायऱ्यांना दोन्ही बाजूंना हात घालायला खोबणी. माणूस वर तोंड करून चढतो आणि उतरतानाही कड्याकडेच तोंड करून, शिडी उतरावी तसा, पाऊल चाचपत उतरतो. रुंदी बेताची. वर जाणारे आणि खाली येणारे, दोघांची वाट एकच. म्हणजे सोमवारी सकाळचा आमचा काउंटर, फक्त उभा केलेला.

अर्जांत दोन अर्ज लागोपाठ होते. एक तेवीस वर्षांच्या मुलाचा. पातळी अनुभवी, तपशील 'कशालाच घाबरत नाही'. दुसरा आमच्या अण्णांचा. अण्णा आमच्या शाखेतून हेडकॅशियर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या काळात रोख कधी पाच पैशांनी चुकली नाही. त्यांनी लिहिलं होतं: 'वय 62. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया 2019 साली. रक्तदाबाची गोळी रोज सकाळी. खोल खाली पाहिलं की पाय थरथरतात, पण थोड्या वेळाने थांबतात. पातळी सांगता येत नाही.'

आमच्या नियमाप्रमाणे मुलाला हो आणि अण्णांना नाही म्हणायला हवं होतं. सरळ काम. पण मला काही ते जमेना. मुलाने काहीच सांगितलं नव्हतं आणि तो पास होत होता. अण्णांनी सगळं सांगितलं होतं आणि सांगितल्याबद्दलच ते नापास होत होते. गुडघा झाकून ठेवला असता, तर 'मध्यम' वर एक खूण, आणि अण्णा आत. म्हणजे आमचा अर्ज खरं बोलणाऱ्याला दंड करतो. आणि एकदा लोकांना हे कळलं की पुढच्या वेळी गुडघा कोण लिहील? बँकेतही मी हे पाहिलेलं आहे. जो बापडा आधीचं कर्ज प्रामाणिकपणे दाखवतो त्याचा अर्ज बाजूला पडतो. लपवणारा पेढे घेऊन येतो.

मी सेक्रेटरींना हे तळमळीने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, अण्णा खरं बोलले म्हणून त्यांचा गुडघा बरा होतो का?"

मला उत्तर सुचेना. बी. कॉम.ला आम्हाला कर्जदार पारखण्याच्या पाच कसोट्या शिकवल्या होत्या: चारित्र्य, क्षमता, भांडवल, तारण आणि परिस्थिती. चारित्र्य पहिलं, क्षमता दुसरी. पण दोन्ही वेगळ्या. चारित्र्याने हप्ता फेडायची इच्छा होते. हप्ता फिटतो तो क्षमतेने. खरं बोलणं हा सद्गुण आहे, ते गिर्यारोहण नव्हे.

तरीही माझं समाधान होईना. कारण डोंगरात एक क्षमता अशी आहे, की जी चारित्र्यासारखी दिसते. कुठे थांबायचं हे कळणं. ज्याला आपला गुडघा ठाऊक आहे तो गुडघ्याच्या आधी थांबतो. ज्याला तो ठाऊक नाही, त्याला गुडघा थांबवतो, आणि तोही नेमका जिन्याच्या मधल्या पायरीवर. तिथे मग वरचे वीस आणि खालचे तीस लटकून राहतात. आम्ही प्रत्येकाकडून हमीपत्र लिहून घेतो: 'मी स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे.' स्वतःच्या जबाबदारीवर स्वतःला काय व्हायचं ते होईल. पण मागच्या तीस जणांची जबाबदारी त्याने कुणाच्या वतीने सही करून उचलली? बँकेत निदान जामीनदाराची सही तरी वेगळी घेतात.

आपली पत आपण ओळखणं, आत्मज्ञान वगैरे, हे आपल्याकडे परमार्थात घालून ठेवलं आहे. सवडीने, निवृत्तीनंतर करायची गोष्ट. मला वाटतं ती निव्वळ शेजारधर्माची बाब आहे. एकट्या माणसाने स्वतःला कितीही मोठं समजावं, बिघडत नाही. आरशाला त्रास होत नाही. पण दोर एक असेल, किंवा जिना एक असेल, तर स्वतःविषयी चौकशी न करणं हा दुसऱ्यावर अन्याय आहे. तो मुलगा खोटं बोलला का? मला नाही वाटत. त्याला खरोखरच भीती वाटत नसेल. पण आपल्याला कशाची भीती वाटते हे त्याने कधी जाऊन पाहिलंच नव्हतं, आणि न तपासता शिक्का मारणाऱ्या कारकुनाला आमच्याकडे निर्दोष म्हणत नाहीत.

शेवटी आम्ही बँकेचीच वाट धरली. कर्जाच्या अर्जात आम्ही 'आपण कर्ज फेडण्यात नवशिके, मध्यम की अनुभवी?' असं विचारत नाही. विचारलं तर बुडवणारेच अनुभवी निघतील. हल्ली सिबिलचा आकडा बघतात, तीनशेपासून नऊशेपर्यंत. तुम्ही स्वतःला काय समजता याला त्यात जागा नाही. तुम्ही काय केलंत याला आहे. आणि ज्याने आजवर काहीच केलेलं नाही त्याचं काय? त्याला आधी लहान कर्ज द्यायचं आणि हप्ते बघायचे. म्हणून मी सुचवलं, की आधीच्या रविवारी सगळ्यांनी गावाजवळची टेकडी चढायची आणि उतरायची, पाठीवर सामान घेऊन. बघायला आमचे मामा.

मामा म्हणजे डोंगराखालच्या वाडीतले. त्यांनी अर्ज मागितला नाही, वय विचारलं नाही. चढताना तर ते कुणाकडे बघतही नव्हते, तंबाखू मळत मागून येत होते. मी म्हटलं, "मामा, बघताय ना?"

"चढताना काय बघायचं? चढताना सगळेच वाघ. उतरू द्या."

उतरताना मात्र त्यांनी एकेकाला नजरेत धरलं. कोण टाच आधी टेकवतो, कोण सुटा दगड पायाने चाचपतो, कोण पुढच्याच्या अंगावर धावतो. खाली आल्यावर त्यांचा निकाल दोन वाक्यांत तयार होता. मुलाबद्दल म्हणाले, "पोरगं चालतं बरं. पण त्याची पाण्याची बाटली दुसऱ्याच्या पिशवीत आहे." आणि अण्णांबद्दल, "हे थोड्याथोड्या वेळानं मागं वळून बघतात. वाट ध्यानात ठेवतात. यांना दरवाजापर्यंत आणा, तिथं विचारू." मुलाला त्यांनी स्वतःचं पाणी स्वतः उचलण्याच्या अटीवर घेतलं.

हरिहरला काय झालं ते आता थोडक्यात सांगतो. एखाद्या नीतिकथेत त्या मुलाचे पाय लटपटले असते. प्रत्यक्षात तो सरसर चढला आणि सरसर उतरला. मला जरा वाईटही वाटलं. अडकला तो दुसऱ्याच कुठल्यातरी गटातला एक धडधाकट गृहस्थ. पहिल्या जिन्यावर, उतरताना. खोबणीत दोन्ही हात, डोळे मिटलेले, आणि वरखाली दोन्हीकडे रांग. चांगली चाळीस मिनिटं. त्याच्या पुढाऱ्याला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. तो खालून "ओ निळा शर्ट, निळा शर्ट" असा ओरडत होता. अखेर पायथ्याशी लिंबूसरबत विकणारा गावातला पोरगा वर आला, आणि खालून त्या गृहस्थाची पावलं हाताने धरून एकेक करून पायरीवर ठेवत त्याला खाली घेऊन गेला. लिंबाचा हा उपयोग पिट्सबर्गपेक्षा बराच बरा.

त्या चाळीस मिनिटांत अण्णा जिन्याच्या वरच्या दरवाजात बसून होते. पाय थरथरायचे तेवढे थरथरून थांबले होते. पुढची वाट कातळाखालून वाकून जाते आणि मग दुसरा जिना लागतो. मामांनी विचारलं, "काय अण्णा, वर?"

अण्णांनी एकदा पुढे पाहिलं, एकदा खाली रांगेकडे पाहिलं. म्हणाले, "इथवरचा हिशेब जुळतोय. पुढचा तुम्ही लिहा. मी पिशव्या सांभाळतो." आम्ही माथ्यावरून परत येईपर्यंत त्यांनी पिशव्या मोजून, नावाप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. उतरायला सगळ्यांत जास्त वेळ त्यांना लागला, पण त्यांच्यासाठी कुणाला थांबावं लागलं नाही. रांग ओसरल्यावर, सर्वांत शेवटी, ते मामांबरोबर उतरले.

या महिन्यात पुढच्या कार्यक्रमाचे अर्ज आले. अण्णांचाही आहे. तपशीलात लिहिलं आहे: 'हरिहर, दरवाजापर्यंत. त्याच वाटेने उतरलो. दोन ठिकाणी बसलो.' पातळीचा रकाना याही वेळी कोरा. सेक्रेटरींची पंचाईत झाली आहे, कारण रकाना कोरा ठेवला तर संगणक अर्ज पुढे सरकू देत नाही. मी चौथा पर्याय घाला म्हणालो. त्याला नाव काय द्यायचं यावर अजून एकमत होत नाही. सेक्रेटरी म्हणतात 'ज्येष्ठ' लिहू. अण्णांना ते मान्य नाही. ठेवीवर अर्धा टक्का जास्त मिळतो, तेवढं ज्येष्ठत्व आपल्याला पुरे, असं ते म्हणतात.